मागची रांग

आमच्या घरात सिनेमाला जाणारी दोनच माणसं होती, आई आणि माझा थोरला भाऊ चिदंबर. दर शनिवारी दुपारी जेवण उरकून दोघं मॅटिनीला जायची. आईचं नाव गोदा. अप्पांच्या दुकानातल्या ब्लाउजना ती घरी बसून हेमिंग करून द्यायची, आणि शनिवारचं काम शुक्रवारीच संपवून ठेवायची. मी तुंगा, चिदूअण्णापेक्षा पाच वर्षांनी लहान. मला कधीमधी नेत, पण अंधारात मला झोप येई, म्हणून बहुतेक शनिवारी मी दुकानात बसून काजं-बटणं करी.

अप्पांचं दुकान म्हैसुरात शिवरामपेठेत होतं. आम्ही शिंपी, विठ्ठलाची माणसं, पाच-सहा पिढ्या इथलेच. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कानडी इतकी मिसळलेली की 'हेमिंग मुगिसली का?' असं आम्ही सरळ विचारतो. मुगिसली म्हणजे संपवली. अप्पांचं नाव निवृत्ती. माणूस कामाचा पक्का. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत नुसत्या नजरेनं त्याचं माप घेत आणि मग टेप लावून आपलंच खरं होतं याची खात्री करून घेत.

सिनेमा कानडी असो, हिंदी असो की तमिळ, त्यात गाणी भरपूर हवीत एवढीच आई आणि अण्णाची अट. चारच गाणी असली की 'कोरडा होता' म्हणत परत येत. त्यांना नावं लक्षात राहत नसत. त्यांचा आपला 'बोटवाला', 'कॉफीच्या मळ्याचा', 'स्टेशनवाला' असा हिशेब. बोटवाला आईचा सगळ्यात लाडका. त्यात नवरा नावेत झोपलेला असतो आणि बायको वल्हं धरून त्याच्याविषयीच गात असते. तो जागा झाल्यावर ती एवढंच म्हणते, 'भूक लागली का?' हे सांगताना आईचा आवाज दर वेळी बदलायचा.

एकदा रात्रीच्या जेवणाला अप्पा म्हणाले, "मला एक सांगा. माणूस बोलता बोलता मधेच गायला कसा लागतो? आत्ता मी वाढ म्हणालो आणि गोदा कढीचं पातेलं घेऊन गायला लागली, तर तिला काय म्हणायचं?"

अण्णा हसला. आई हसली नाही. ती म्हणाली, "घरात कोण मनातलं बोलतं सांगा. बोलायला गेलं की दुसरा मधे बोलतो. गाण्यात बाईला चार मिनिटं मिळतात. तेवढा वेळ कुणी तिला 'साकु' म्हणत नाही, 'पुरे' म्हणत नाही. म्हणून मला बरं वाटतं."

"आणि तुला रे?"

अण्णा थोडा वेळ ताटात बोट फिरवत राहिला. "मला मागचे लोक आवडतात, अप्पा. मळ्याच्या सिनेमात बघा, एकटी बाई रडत असते, आणि मागं कॉफी खुडणाऱ्या तीस बायका एकदम हात वर करतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. एकाचं दुःख तीस जणांना एका वेळी कळतं. असं आपल्याकडं होतच नाही. मला ते बघताना वाटतं, तिथं मागं जाऊन उभं राहावं."

"भाकड," अप्पा म्हणाले, आणि ताक मागितलं.

अण्णा खरंच जाऊन उभा राहिला. म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं त्या वर्षी गावात एका सिनेमाचं शूटिंग होतं. नाचायला माणसं कमी पडली म्हणून गावातली काही पोरं घेतली, त्यात अण्णा होता. वीस वर्षांचा होता तेव्हा. चार दिवस दुकानाला दांडी मारून तो नाचला आणि पाचव्या दिवशी तोंडाला रंग तसाच ठेवून संध्याकाळी घरी आला. म्हणाला, "डान्स मास्टर मद्रासला ये म्हणालेत. ग्रूपमधे घेतो म्हणालेत."

"शिंप्याचा पोरगा बायकांच्या मागं नाचणार?"

"तुम्ही एकादशीला देवळात नाचता की, अप्पा."

अप्पांनी त्याच्या मुस्काटात मारली. रंग त्यांच्या हाताला लागला. "विठ्ठलासमोर नाचणं आणि हे एक का? जायचं असेल तर जा. पण मग या दाराला पाय लावायचा नाही."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. आईनं त्याला चपात्या बांधून दिल्या. अप्पा दुकानात होते.

त्यानंतर चार वर्षं अप्पांनी त्याचं नाव घेतलं नाही. पत्रं माझ्या नावानं येत. दुपारी स्वयंपाकघरात मी ती आईला वाचून दाखवी. कुठल्या सिनेमात आहे ते तो लिही, पण वर ठरलेलं वाक्य असे, 'मी दिसेन असं समजू नका.' आई शनिवारच्या मॅटिनीला एकटी जात राहिली. अप्पा अडवत नसत. बहुधा त्यांना वाटत असावं, तेवढं तरी तिला असू दे.

सत्त्याहत्तर सालच्या मे महिन्यात एक जाड पाकीट आलं. अक्षर अण्णाचं नव्हतं. लिहिणाऱ्याचं नाव नरसिंहमूर्ती, अण्णाच्या खोलीत राहणारा, त्याच्याच ग्रूपमधला. कानडीत लिहिलं होतं. चिदंबरला कावीळ झाली. अंगावर काढली. इस्पितळात नेलं तेव्हा उशीर झाला होता, चौथ्या दिवशी तो गेला. घरचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, तो एका पत्रात सापडायला नऊ दिवस लागले. 'आम्ही मित्रांनीच सगळं केलं. अस्थी समुद्रात सोडल्या. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. त्याचं शेवटचं काम जत्रेच्या गाण्यात झालं. दोन महिन्यांत सिनेमा लागेल. त्यात तो आहे.'

मी हे मोठ्यानं वाचत होते. अर्ध्यावर आवाज बंद झाला, तेव्हा आईनं पत्र घेतलं आणि कानडी वाचता येत नसतानाही शेवटपर्यंत त्याच्याकडं बघत राहिली. अप्पांना दुकानातून बोलावलं. ते आले, ऐकलं, आणि मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. रडले नाहीत. जायचं ठिकाणच उरलं नव्हतं. अण्णा जाऊन तेरा दिवस होऊन गेले होते. आठवड्यानं रेल्वे पार्सलनं त्याची ट्रंक आली. दोन पँटी, एक बिनकॉलरचा शर्ट, कंगवा, माझी पत्रं. फोटो एकही नव्हता. आमच्याकडे त्याचा होता तो मॅट्रिकचा, सोळाव्या वर्षीचा.

आईनं शनिवारी बाहेर जाणं बंद केलं.

सिनेमा जुलैत लागला. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर टॉकीज होती, पोस्टर पेठेच्या तोंडालाच चिकटवलेलं. हीरो, हिरॉईन, मागं रंगीत पताका. आईनं ते पाहिलं होतं, कारण त्या दिवसापासून ती भाजीला उलट्या रस्त्यानं जाऊ लागली. घरात कुणी काही बोललं नाही.

पहिल्या आठवड्यातल्या बुधवारी शेजारचे घड्याळवाले वेंकोजीराव मला वाटेत भेटले. "तुंगा, तुझ्या अप्पांना बरं नाही का? रोज दुपारी अडीचला दुकान बंद करतात, ते साडेपाचला उघडतात. गिऱ्हाइकं माझ्याकडं विचारतात."

त्या दुपारी मी टॉकीजच्या समोर उभी राहिले. शो सुटला. बायका, कॉलेजची पोरं, आणि सगळ्यांच्या शेवटी अप्पा. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. मला बघून ते थांबले. लपवायला काही राहिलं नाही म्हणून की काय, तिथंच फुटपाथवर म्हणाले, "मी त्याला बघितलं, तुंगा."

"दिसतो?"

"चांगला दिसतो. डाव्या बाजूनं दुसरा. निळा शर्ट, कपाळाला पट्टी. मिशी ठेवलीय. नाक माझं, अगदी माझं. शर्टाची खांद्याची शिवण उतरलीय. मद्रासच्या शिंप्यानं माप न घेता शिवलाय." मग त्यांनी गळ्यातली टेप हातात घेतली. "एकदा तो सरळ बघतो. सरळ. मी बसलोय तिथं."

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'चिदू' असं नाव आलं. आई हेमिंग करत होती. अप्पा बोलतच राहिले. "अंगानं भरलाय गं. खांदा सतरा इंच तरी असेल. मला वाटलं होतं तिकडं खायला मिळत नसेल."

आईचा हात एक क्षण थांबला. तिनं अप्पांकडं पाहिलं, काहीतरी म्हणणार असं वाटलं, पण तिनं दोरा दातानं तोडला आणि दुसरा ब्लाउज घेतला.

"चल उद्या. तिघं जाऊ."

"नको."

"अगं, तुझा मुलगा आहे त्यात."

"होगली, राहू दे. मला नको म्हणाले ना."

अप्पा जात राहिले. रोज. ज्या माणसाला गाणं म्हणजे भाकड वाटायचं, तो आता संध्याकाळी मला विचारू लागला, "जत्रेच्या गाण्यात मधे एक ढोल वाजतो, तो ऐकलास का कधी रेडिओवर? त्या ढोलावर ते सगळे एकदम वळतात. एक पाय पुढं, एक हात वर. तीस जण. कसं जमतं गं?" पुढं कथेत काय होतं ते त्यांना सांगता येत नसे. गाणं झालं की ते डोळे मिटून बसत. एक दिवस म्हणाले, "आधी वाटायचं, हीरोला गायचंय तर एकट्यानं गाऊ दे की, एवढी माणसं कशाला. आता कळतं. एवढी माणसं घेतली म्हणून आपलं पोर त्यात आलं." आणि मग शेवटी एकदाचे ते रडू लागले. जेवताना, कात्री चालवताना, केव्हाही. मी आणि आई त्यांना रडू देत होतो. मला मनातून बरंच वाटत होतं. दगड फुटला एकदाचा.

तिसऱ्या आठवड्यात पोस्टरवर 'शेवटचे तीन दिवस' अशी चिठ्ठी लागली. त्या रात्री आई आपणहून म्हणाली, "उद्या जाऊ या."

तिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली. अप्पांनी बायकांच्या क्लासाऐवजी तिघांची बाल्कनीची तिकिटं काढली. आत गेल्यापासून ते आईला सांगत होते, "आता हा भांडतो. आता ती विहिरीवर जाते. आता बघ, आता जत्रा." पडद्यावर बैलगाड्या आल्या, पताका दिसल्या, ढोलाचा पहिला ठोका पडला, आणि पुढच्या क्षणाला हीरो घरात बसून आजारी आईला औषध पाजत होता.

अप्पा उभे राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "कूत्कोळ्ळी, बसा!" ते बसले नाहीत. अंधारातून वाट काढत बाहेर गेले. आम्ही त्यांच्यामागं गेलो. मॅनेजरच्या खोलीत ते विचारत होते, "गाणं कुठं गेलं? काल होतं."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, "पिक्चर लांब आहे, साहेब. त्या गाण्याला लोक विडी ओढायला बाहेर जातात. शो उशिरा सुटतो. वितरकाचा निरोप आला, कापा म्हणून. आज सकाळीच काढलं."

"मग परत जोडा. आजच्या दिवस. हिनं बघितलेलं नाही."

"रीळ वितरकाकडं गेलं, साहेब."

"त्यात आमचा मुलगा आहे," अप्पा म्हणाले. "मुलगा वारला आमचा."

मॅनेजरनं मान वर केली. तो आईकडं बघत होता. आई दाराशी उभी होती, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. शेवटी तो म्हणाला, "बन्नूरला दुसरी प्रिंट लागलीय शुक्रवारपासून. तिथं कापलंय की नाही मला माहीत नाही. जाऊन बघा."

रविवारी सकाळी आम्ही बन्नूरची बस धरली. बसमधे भाताच्या रोपांच्या जुड्या होत्या, खाली चिखल झाला होता. दोन्ही बाजूंना ऊस. अप्पा खिडकीशी बसले होते आणि दर गावाला कंडक्टरला विचारत होते, अजून किती. बन्नूरची टॉकीज म्हणजे पत्र्याची शेड. पुढं वाळूवर बसायचं, मागं बाक. उन्हानं पत्रा तापलेला, आत घामाचा आणि शेंगांच्या टरफलांचा वास. अप्पांनी तिकीट देणाऱ्याला विचारलं, "जत्रेचं गाणं आहे का?" तो म्हणाला, "त्याच्यासाठीच येतात की लोक."

गाणं होतं. प्रिंट खराब होती, पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा, पण गाणं होतं. ढोल वाजला. अप्पांनी आईचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं पडद्याकडं बोट केलं. "तो. डावीकडून दुसरा. निळा. बघ, आता सरळ बघेल. हं, आता!"

निळ्या शर्टातला मुलगा सरळ बघून हसला. छान हसला.

आई म्हणाली, "हा नव्हे."

अप्पांना ऐकू आलं नाही. "बघितलंस? नाक बघितलंस?"

"अहो, हा आपला चिदू नव्हे." ती पडद्यावर डोळे फिरवत होती, भरभर, जत्रेत पोर हरवल्यावर बाई बघते तशी. मग ती थांबली. "तो. मागच्या रांगेत. ढोलवाल्याच्या मागं. पाठ आहे आपल्याकडं."

मी बघितलं. एक किडकिडीत पाठ दिसली, पिवळं मुंडासं. हात वर गेला, सगळ्यांबरोबर. मग हीरो मधे आला, आणि गाणं संपलं.

आम्ही तिघंही हललो नाही. इंटरव्हलला दिवे लागले. अप्पा आईकडं वळले.

"पाठीवरून तू कसं सांगतेस? चार वर्षं झाली. पोर वाढतं, बदलतं. मी रोज येऊन बघितलंय."

"मी बघितलंय त्याला," आई म्हणाली.

"कुठं?"

"म्हैसुरातच. तो यायचा. वर्षातून दोनदा, कधी एकदाच. पहाटेच्या गाडीनं येऊन रात्रीच्या गाडीनं जायचा. शनिवारी. आम्ही मॅटिनीला बसायचो." तिचा आवाज अगदी साधा होता. "गेल्या दसऱ्यात आला होता. फार वाळला होता. खांदा कुठला सतरा, चौदासुद्धा भरला नसता. उभं राहताना उजव्या पायावर भार देऊ लागला होता, डावा घोटा एकदा मुरगळला म्हणून. त्या मुंडाशातल्यानं तसाच पाय टाकला. आणि हात. त्याचा हात नेहमी इतरांच्या पाठोपाठ वर जातो, केसाएवढा उशिरा. मास्टर त्यावरूनच ओरडतात म्हणाला होता."

हे मलाही माहीत नव्हतं. चार वर्षं मी तिला त्याची पत्रं वाचून दाखवत होते, आणि ती असं ऐकायची जणू तिला त्यापलीकडं काही ठाऊकच नाही.

"मला सांगितलं नाहीस," अप्पा म्हणाले.

"तुम्ही दार बंद केलं होतं. त्याला मी दुसरं कुठं भेटणार होते? तिथं अंधार असतो. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही."

"त्या दिवशी मी म्हणालो, अंगानं भरलाय, तेव्हा तरी सांगायचंस."

"तुम्ही चार वर्षांनी त्याचं नाव घेत होतात, मग रडायलाही लागलात," आई म्हणाली. "बरं वाटत होतं मला. वाटलं, असू दे. तुम्हाला दिसलाय ना, असू दे. मी आले नसते तर तुम्हाला तो निळ्या शर्टातलाच राहिला असता. म्हणून तर मी यायला बघत नव्हते. पण मग शेवटचेच तीन दिवस उरलेत असं ऐकलं आणि मला राहवेना."

सिनेमाचा उरलेला भाग चालू झाला. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. तो संपला तेव्हा पाच वाजून गेले होते. अप्पा म्हणाले, "पुढचा शो सव्वासहाचा आहे. गाण्यापर्यंत बसू. साडेआठची बस मिळेल." आई नको म्हणाली नाही. टॉकीजसमोर एका बाईकडं इडल्या मिळत होत्या. अप्पांनी आमच्यासाठी घेतल्या, स्वतः नुसतं पाणी प्याले.

या वेळी आईनं त्यांचा हात धरला. "आधी ढोलवाला बघा. त्याच्या उजव्या खांद्यामागं. आता नाही... आता नाही... आता. तो वर आला तो हात. तो."

अप्पा पुढं वाकले होते. मी पडद्याकडं न बघता त्यांच्याकडं बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. गाणं संपलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"तोंड दिसतच नाही."

"नाही दिसत," आई म्हणाली. "तो लिहायचाच ना, मी दिसेन असं समजू नका."

बस स्टँडवर एक दिवा होता, त्याच्याभोवती पावसाळी किडे. उसाच्या एका गाडीला टेकून अप्पा उभे होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मग मी एवढे दिवस कुणाच्या पोरासाठी रडलो गं?"

मग त्यांनीच पुढं विचारलं, "तो माझ्याविषयी विचारायचा का?"

खोटं बोलणं सोपं होतं. आईनं खरं सांगितलं. "पहिल्यांदा विचारायचा. नंतर नाही."

अप्पांनी मान हलवली. बस आली. मी आणि आई एका बाकावर बसलो, अप्पा पुढं ड्रायव्हरच्या मागं एकटे. म्हैसूर येईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. आईनं डोळे मिटले होते, पण ती झोपली नव्हती. तिच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या.

पुढचे काही महिने घरात फार कठीण गेले. अप्पांनी आईला दोष दिला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. ते तिच्याशी बोलत, पण पाहुण्याशी बोलावं तसं. मला वाटतं, मुलगा गेल्याचं दुःख दोघांना वाटून घेता आलं असतं. पण आईजवळ चार वर्षांचे सात-आठ शनिवार होते आणि अप्पांजवळ एकही नव्हता. ते कसं वाटून घेणार?

आश्विनात त्यांनी नरसिंहमूर्तीला माझ्याकडून पत्र लिहवलं. आमच्या घरी या, राहा, असं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा लिहवलं, ते पाकीट परत आलं, 'राहत नाहीत' असा शेरा घेऊन. ती पोरं अशी कुठं कुठं विखुरली असतील. निळ्या शर्टातला कोण होता, हे आम्हाला कधी कळलं नाही.

मग एक दिवस, अण्णाचं वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर, अप्पा दुकानातून लवकर आले. आई खाली बसून हुक लावत होती. ते तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "पहिल्यांदा आला तेव्हा काय सिनेमा होता?"

आईनं वर पाहिलं. "कशाला?"

"सांग."

तिनं सांगितलं. त्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी थोडं. कुठल्या शनिवारी काय बघितलं, इंटरव्हलला त्यानं काय खाल्लं, कुठल्या गाण्याला तो खुर्चीतल्या खुर्चीत पाय हलवायचा, कुठं तिला कोपरानं ढोसून म्हणायचा, 'आई, हा तिसरा आहे ना, तो माझ्या शेजारी झोपतो.' अप्पा ऐकत. विचारत, "कसला शर्ट होता?" आणि ती आठवून सांगे. असं जवळजवळ वर्षभर चाललं. मग सांगायचं संपलं. सात-आठ शनिवार ते किती पुरणार?

तो सिनेमा पुन्हा कधी आला नाही. माझं लग्न नंजनगूडला झालं, नवऱ्याच्या ओळखीतल्या एकानं बंगळूरला चौकशी केली, तर प्रिंट कुणाकडंच नाही म्हणाले. रेडिओवर जत्रेचं गाणं दोन-चार वर्षं लागत होतं, मग तेही बंद झालं.

पंच्याऐंशी साली अप्पांनी टीव्ही घेतला. रविवारी संध्याकाळी सिनेमा असे. मी माहेरी आले की आम्ही तिघं बघत बसू. आईला कथा बघायला आवडे, सासू कशी, दीर कसा, शेवटी काय झालं. पण गाणं सुरू झालं की ती उठे. मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसे. घासलेलीच पुन्हा घासे. अप्पा मात्र खुर्ची पुढं ओढून घेत आणि चष्मा पुसत. हीरोकडं त्यांचं लक्ष नसे. त्यांचे डोळे पडद्याच्या कडांवरून फिरत राहत. गाणं संपलं की ते दाराकडं तोंड करून हाक मारत, "गोदा, ये. झालं."

आणि ती हात पुसत येई आणि विचारी, "मग पुढं काय झालं?"